सोनाराचं नाव दगडावर आहे. सोनं देणारीचं कुठे आहे?

थायलंडच्या दक्षिणेला क्राबी प्रांतात ख्लोंग थोम नावाचं गाव आहे. तिथल्या बौद्ध विहाराच्या संग्रहालयात एक लहानसा चपटा दगड ठेवलाय. तळहातावर सहज मावेल एवढा. त्यावर तमिळ-ब्राह्मी लिपीत मोजकी अक्षरं कोरलेली आहेत : 'पेरुम्पत्तन कल'. पेरुम म्हणजे मोठा, पत्तन म्हणजे सोनार, कल म्हणजे दगड. थोडक्यात, 'मोठ्या सोनाराचा दगड'. अक्षरांच्या वळणावरून तज्ज्ञ तो इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकातला मानतात.

हा दगड कुठल्या देवाचा नाही की राजाच्या विजयाचा नाही. तो सोन्याचा कस लावायचा दगड आहे. सोनं त्यावर घासायचं, रेघ बघायची आणि किती चोख ते सांगायचं. 'कस लागणं', 'कसोटीला उतरणं' हे शब्द आपण रोज वापरतो, ते याच दगडावरून आलेत.

म्हणजे गंमत बघा. समुद्रापार गेलेल्या तमिळ माणसाच्या अगदी जुन्या पुराव्यांपैकी एक, हा एका सोनाराचा आहे. हजार-दीड हजार मैल लांब गेला, हत्यारं सोबत नेली आणि त्यातल्या एकावर नाव घातलं. नाव घातलं म्हणून सतराशे वर्षांनंतरही आपण त्याच्याबद्दल बोलतोय.

आज मला या दगडापासून दिल्लीतल्या एका पेटीपर्यंत जायचंय. रस्ता मलेशिया आणि सिंगापूरमधून जातो. पोस्ट लांब आहे, पण सोबत या.

*

तमिळ लोक मलायात दोन अगदी वेगळ्या वाटांनी गेले. पहिली वाट व्यापाऱ्यांची. मलाक्का हे पंधराव्या शतकातलं मोठं बंदर. तिथे आलेल्या तमिळ व्यापाऱ्यांनी स्थानिक बायकांशी लग्नं केली. त्यांचे वंशज म्हणजे मलाक्काचे चेट्टी. घरात भाषा मलय, देव मात्र आपलेच. बायका साडीऐवजी सारोंग-केबाया नेसतात आणि केबायाला बटणांऐवजी 'केरोंगसांग' नावाच्या सोन्याच्या पिना लावतात. लग्नात मात्र ताली, म्हणजे त्यांचं मंगळसूत्र, बांधली जातेच. मलाक्कात या चेट्टींचं १७८१ सालचं गणपतीचं देऊळ आहे, श्री पोय्याथ विनायगर मूर्ती देऊळ. ते ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव 'जालान तुकांग एमास'. मलय भाषेत तुकांग एमास म्हणजे सोनार. सोनारआळीत गणपती, हे आपल्यालाही ओळखीचं वाटेल.

दुसरी वाट मजुरांची, आणि आजचा विषय ती आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारी आल्या, टायर आले, रबराचे भाव चढले आणि मलायात जंगलं तोडून मैलोनमैल रबराचे मळे उभे राहिले. मजूर हवे होते. ते मद्रास इलाख्यातून नेले : त्रिची, सेलम, उत्तर अर्काट, तंजावर अशा जिल्ह्यांतून. होय, तेच तंजावर, जिथे १८५५ पर्यंत आपले भोसले गादीवर होते. नागपट्टिनमला बोटीत चढायचं आणि पेनांगला उतरायचं. आधी करार करून मजूर नेत. १९१० मध्ये ती पद्धत बंद झाली आणि 'कंगाणी' पद्धतीने जोर धरला. कंगाणी म्हणजे मुकादम. तो आपल्या गावी यायचा, नात्यातली-ओळखीची माणसं गोळा करायचा, प्रवासखर्च दिला जायचा. ऊसतोडीचा मुकादम ज्यांनी पाहिलाय त्यांना यापुढे समजावून सांगायची गरज नाही.

मळ्यावर राहायला मिळायची 'लाइन', म्हणजे एका ओळीतल्या खोल्या. खोली कंपनीची, जमीन कंपनीची, किराणा उधारीवर. ताडीचं दुकानही मळ्यातच, आणि तेही सरकारी परवान्याचं. उद्या मॅनेजरने 'चालते व्हा' म्हटलं तर काय उचलून नेणार? अंगावर जे असेल तेच.

म्हणून सोनं.

*

इथे एक हिशेब मांडतो, कारण भावनेपेक्षा आकडे जास्त बोलतात.

तमिळ माणूस सोनं तोळ्यात मोजत नाही, 'पवन'मध्ये मोजतो. पवन म्हणजे इंग्रजांचा सोन्याचा पाउंड, सॉव्हरिन नाणं. पाउंडचा उच्चार तमिळ तोंडात 'पवुन' झाला. वजन ७.९८८ ग्रॅम, सोनं २२ कॅरेटचं. आज तामिळनाडूत ८ ग्रॅमला एक पवन धरतात. राणीचं किंवा राजाचं मुंडकं असलेली ही नाणी ओवून 'कासुमालै' घडवायची. आपल्या पुतळ्यांच्या माळेची ही बहीणच. पुतळीसुद्धा मुळात परदेशी नाण्यावरूनच आली, व्हेनिसच्या डुकॅटवरून. म्हणजे दोन्हीकडच्या बायकांनी परक्याचं चलन आपल्या गळ्यात बांधून टाकलं.

आता मजुरी. १९२० च्या दशकाच्या शेवटी मलायातल्या सोयीच्या भागातल्या मळ्यांवर पुरुषाला रोज ५० सेंट आणि बाईला ४० सेंट असा दर होता. काम तेच. पहाटे उठून झाडाला खाच मारायची आणि चीक गोळा करायचा. मलायाचा डॉलर तेव्हा २ शिलिंग ४ पेन्सला बांधलेला होता. म्हणजे एका पाउंडाला साधारण ८ डॉलर ५७ सेंट. भागाकार करून बघा. एका पवनला बाईची साडेएकवीस दिवसांची पूर्ण मजुरी लागत होती, आणि तीही त्यातला एक सेंटही न खाता, न पिता, मुलांना न घालता. प्रत्यक्षात एक पवन जमवायला किती महिने, किती वर्षं लागली असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

तरीही त्या जमवत होत्या. आधी नाकात चमकी, 'मूक्कुत्ति'. मग कानात 'तोडु'. मग तालीत एक मणी, पुढच्या वर्षी आणखी एक. दक्षिणेकडच्या जिल्ह्यांतून आलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या कानाच्या पाळ्या जड दागिन्यांनी खांद्यापर्यंत लोंबायच्या. तो दागिना म्हणजे 'पाम्पडम'. साहेब मंडळींना या बायकांचं फार नवल. सिंगापूरच्या स्टुडिओंत त्यांचे फोटो काढले, पोस्टकार्डं छापली. खाली काय लिहिलं? 'क्लिंग बाई'. क्लिंग म्हणजे हिंदुस्थानी, पुढे तो शब्द शिवीसारखाच झाला. त्या फोटोंत नथ स्पष्ट दिसते, बांगड्या मोजता येतात. बाईचं नाव मात्र नाही.

*

हे दागिने घडवणारा कोण?

तमिळमध्ये त्याला तट्टान म्हणतात, पत्तर म्हणतात, आसारी म्हणतात. सोनार, लोहार, सुतार, पाथरवट आणि ओतारी या पाच कारागिरांचा मिळून तो समाज, विश्वकर्म्याची लेकरं. आपल्याकडचे पांचाळ आठवा. सिंगापूरच्या सेरांगून रोडवर, पेनांगला, क्वालालंपूरला हे पत्तर दुकानांपुढच्या पाच फुटी ओसऱ्यांत आणि लहान खोल्यांत चटईवर बसून काम करायचे. भांडवल फार नाही. शेगडी, फुंकणी, मूस, ऐरण, चिमटे, टाकणखार आणि तराजू. तराजूत गुंजा. तमिळमध्ये गुंजेला 'कुंडुमणि' म्हणतात. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा हे कोष्टक आपल्या आजोबांना पाठ होतं. तीच लाल-काळी बी समुद्रापलीकडेही सोनं तोलत होती.

सोनाराची दुकानं दोन प्रकारची. एकात तयार माल. दुसऱ्यात तुम्ही सोनं न्यायचं आणि तो समोर बसून घडवणार. गरीब माणूस दुसरा प्रकार पसंत करायचा, कारण डोळ्यादेखत काम झालेलं बरं. सोनार आईच्या सोन्यातूनही गुंजभर काढतो अशा अर्थाची म्हण तमिळमध्ये आहे. आपल्याकडेही काही वेगळं बोलत नाहीत. डाख देताना तांबं किती घातलं, घट किती धरली यावर भांडणं व्हायची. तरी बाई त्याच सोनाराकडे परत जायची. का? कारण हिशेब त्याच्या डोक्यात असायचा. कोणाच्या तालीत किती मणी, कोणाची बांगडी कधी गहाण, कोणाच्या मुलीचं लग्न कधी, त्याला सगळं ठाऊक. अक्षरओळख नसलेल्या बायकांचं पासबुक म्हणजे तो सोनार.

आणि दागिना विकण्यापुरताच त्याचा संबंध नसायचा. बाळाचे कान टोचायचे तर आसारीच हवा. बाळ मामाच्या मांडीवर बसवायचं आणि आसारीने सोन्याची तार कानातून काढायची. (तमिळमध्येही मामाला मामाच म्हणतात.) 'सोनारानेच कान टोचावे' असं आपण कोणाला सुनवायचं असलं की म्हणतो, तिथे ते अजून शब्दशः खरं आहे. पायात सोनं घालायचं नाही, लक्ष्मीचा अपमान होतो, म्हणून जोडवी चांदीची, 'मेट्टि'. हेही आपल्यासारखंच.

पण सगळ्यात मोठं काम तालीचं.

लग्नात ताली बांधतात ती हळदीत पिवळ्या केलेल्या दोऱ्यात. गाठी तीन. पहिली नवरा मारतो, पुढच्या बहुतेक वेळा नणंद. मग काही महिन्यांनी मुहूर्त बघून ती दोऱ्यातून काढून सोन्याच्या साखळीत ओवतात, दोन बाजूंना मणी, नाणी, पोवळी घालतात. तालीचा आकार घराण्याप्रमाणे आणि कुळाप्रमाणे ठरतो. कोणाची गणपतीची, कोणाची लिंगाची, कोणाची नुसती गोल टिकली. म्हणून ती बाजारात तयार उचलून चालत नाही, सोनाराला 'आमची ताली अशी' म्हणून सांगावं लागतं. गाव सुटलं, शेत सुटलं, भाऊबंद सुटले. आपण कोण, हे सांगणारा एवढा एक सोन्याचा तुकडा राहिला.

जाफन्याहून, म्हणजे श्रीलंकेच्या उत्तरेकडून मलायात गेलेल्या तमिळांची गोष्ट थोडी वेगळी. ते शिकलेले, रेल्वेत आणि कचेऱ्यांत कारकून. त्यांच्यात 'पोन्नुरुक्कु' नावाचा विधी आहे. पोन म्हणजे सोनं, उरुक्कु म्हणजे वितळवणं. लग्नाआधी चांगला दिवस बघून नवरदेवाच्या घरी सोनाराला बोलावतात, पूजा करतात आणि सगळ्यांसमोर सोन्याचं नाणं मुशीत वितळवतात. त्याच सोन्याची ताली होते. ज्या नाण्यावर राजाचं डोकं होतं ते वितळून आपल्या घराची खूण होते. हे जाफना तमिळ पुढे लंडन-टोरंटोपर्यंत पसरले, तिथेही हा विधी करतात.

आणि कायद्याची एक गोष्ट लक्षात घ्या. मलेशियात मुस्लिमेतर सगळ्यांना विवाहनोंदणी सक्तीची झाली ती १९८२ मध्ये. त्याआधी मळ्यावरच्या कित्येक लग्नांना कागद नव्हताच. गळ्यातली ताली हाच दाखला. म्हणजे एकाच वस्तूत नवरा, कूळ, बँक आणि ओळखपत्र. तिला नुसता 'दागिना' म्हणणं मला तरी जड जातं.

*

अडचण आली की ताली गहाण पडायची. मलायात गहाणवटीची दुकानं बहुतेक चिन्यांची. सोनं तिथे जायचं आणि गळ्यात पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधलं जायचं. हळकुंडाची ताली चालते, त्याला कोणी कमी लेखत नाही. आपल्याकडेही मंगळसूत्र तुटलं की दोऱ्यात हळकुंड बांधतात. कोणी कोणाकडून शिकलं नाही. गरिबांचं शहाणपण सगळीकडे सारखं असतं.

१९३० नंतर जगभर मंदी आली. रबराचे भाव कोसळले, मजुरी घसरत जवळजवळ निम्म्यावर आली आणि हजारो मजुरांना सरकारी खर्चाने बोटीत घालून परत पाठवलं. पण सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णमान सोडला आणि सोन्याची कागदी किंमत वाढली. मजुरी कमी, सोनं महाग. ज्या बाईने नवऱ्याचं ताडीचं तोंड चुकवून दोन पवन बाजूला ठेवले होते, तिचं घर त्या वर्षात तरलं. अर्थशास्त्रातल्या कुठल्या पदवीधराने तिला हा सल्ला दिला नव्हता.

मग १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. जपानी आले. त्यांनी आपल्या नोटा छापल्या. त्यांवर केळीचं झाड होतं म्हणून लोक त्यांना 'बनाना मनी' म्हणायचे. त्या नोटांची किंमत दर महिन्याला खाली. १९४५ मध्ये तर त्या चुलीत घालायच्या लायकीच्या राहिल्या. पुन्हा सोनं.

याच काळात जपान्यांनी थायलंड ते ब्रह्मदेश अशी ४१५ किलोमीटरची रेल्वे बांधायला घेतली. युद्धकैद्यांवर त्या रेल्वेचे सिनेमे निघाले, पुस्तकं निघाली. पण मलायातल्या मळ्यांवरून नेलेले तमिळ मजूर तिथे हजारोंनी मेले, त्यांच्यावर सिनेमा निघाला नाही. कॉलरा, उपासमार, मार. नोंदी नाहीत. आणि लाइनमध्ये मागे राहिलेली बाई? नवरा गेल्याचं पत्र नाही, निरोप नाही. तिने ताली ठेवायची की उतरवायची? मला या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नाही.

*

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

जुलै १९४३. सुभाषबाबू सिंगापूरला पोहोचले. २१ ऑक्टोबरला आझाद हिंदचं हंगामी सरकार जाहीर झालं आणि दुसऱ्याच दिवशी बायकांच्या पलटणीची छावणी सुरू झाली. नाव 'राणी झाशी रेजिमेंट'. आपल्या तांब्यांच्या मनूचं नाव, आणि त्या नावाखाली उभ्या राहिलेल्या मुलींत मोठा भरणा मलायातल्या तमिळ घरांतल्या मुलींचा. त्यातल्या कित्येक रबराच्या मळ्यांवरच्या, ज्यांनी हिंदुस्थान डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. पुढारी डॉक्टर लक्ष्मी स्वामिनाथन, मद्रासच्या. पुढच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल.

सरकार म्हटलं की पैसा लागतो. सभा व्हायच्या आणि सभांत बायका अंगावरचं सोनं काढून द्यायच्या. क्वालालंपूरच्या जानकी तेवर तेव्हा अठराच्या आसपासच्या. नेताजींचं भाषण ऐकलं आणि कानातली कर्णफुलं काढून दिली. मग घरच्यांचा विरोध असताना पलटणीत गेल्या आणि तिच्या दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकारी झाल्या. पुढे जानकी आदि नहप्पन या नावाने मलेशियाच्या संसदेत सिनेटर झाल्या. २००० साली भारताने त्यांना पद्मश्री दिली. २०१४ मध्ये त्या गेल्या.

सगळंच हौसेनं दिलं गेलं असं म्हणणार नाही. श्रीमंत व्यापाऱ्यांकडून वसुली दबाव टाकूनही झाली, ते लपवण्यात अर्थ नाही. पण मळ्यावरच्या बाईवर कोण दबाव टाकणार होतं? साडेएकवीस दिवसांचा तो हिशेब पुन्हा आठवा. नोटा रद्दी झालेल्या, नवरा रेल्वेवर गेलेला, तांदूळ मिळत नाही, आणि हाताशी असलेली एकमेव बँक ती काढून देते. कोणासाठी? ज्या देशाने तिला पोटासाठी बोटीत बसवलं त्या देशासाठी. २३ जानेवारी १९४५ ला रंगूनमध्ये नेताजींची सुवर्णतुला झाली. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात हे सोनं होतं.

१८ ऑगस्ट १९४५ ला तैहोकूला, आजच्या तैपेईला, विमान कोसळलं. (नेताजींचं पुढे काय झालं हा वाद इथे नको, कमेंटमध्येही नको. आजचा विषय तो नाही.) विमानात सोनं-दागिने होते. अपघातातून गोळा केलेले जळालेले, वितळून एकमेकांना चिकटलेले दागिने जपान्यांनी टोकियोतल्या भारतीयांच्या हवाली केले. काही वर्षं ते तिथेच राहिले. १९५२ मध्ये ते दिल्लीत आले आणि पुढे राष्ट्रीय संग्रहालयाकडे सोपवले गेले. वजन सुमारे ११ किलो. मुळात किती होतं, वाटेत किती गेलं, कोणी खाल्लं यावर भरपूर लिहिलं गेलंय, टीव्हीवर चर्चा झाल्यात.

त्या सगळ्या चर्चा मी वाचल्या. प्रश्न एकच : किती किलो? कोणाचं, हे कोणी विचारत नाही.

पेरुम्पत्तनने दगडावर नाव कोरलं म्हणून तो राहिला. दिल्लीतल्या त्या ११ किलोंवर कोणाचं नाव नाही. सोन्याचा हाच दोष आहे. ते गंजत नाही, कुजत नाही, पण वितळलं की कोणाचं होतं ते विसरून जातं.

*

युद्धानंतरची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९५७ मध्ये मलाया स्वतंत्र झाला. १९६९ च्या दंगलींनंतर नागरिकत्व नसलेल्यांना कामाचे परवाने लागू झाले आणि मजुरांची हजारो कुटुंबं भारतात परतली. राहिलेल्यांचे मळे पुढे तुकड्या-तुकड्यांनी विकले गेले. रबराच्या जागी पाम तेल आलं, गोल्फची मैदानं आली, घरांच्या वसाहती आल्या. खोल्या कंपनीच्या, त्यामुळे तीन पिढ्या राहूनही लोक बाहेर. शहरात भाड्याचं डिपॉझिट कशातून भरलं? मुलाला कॉलेजात कशातून घातलं? ओळखलंत तुम्ही.

आज सेरांगून रोडवर सोन्याची दुकानं झगमगतात. कितीतरी दुकानांत '९१६' असं लिहिलेलं असतं, म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, २२ कॅरेट. माल बहुतेक यंत्रावर घडलेला, बाहेरून आलेला. शेगडी-फुंकणीचे जुने पत्तर आता मोजकेच उरलेत. त्यांच्याकडे येतं ते दुरुस्तीचं काम, आणि ताली. 'आमची ताली अशी' हे सांगायला अजून माणूसच लागतो.

या गोष्टीत आपल्या माणसांचाही एक धागा आहे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी-विट्याकडचे गलाई व्यावसायिक. दुष्काळाला कंटाळून ही माणसं गाव सोडून देशभर गेली आणि सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात उतरली. तामिळनाडूतल्या कितीतरी गावांत जुनं सोनं गाळून चोख करणारा माणूस मराठी आहे, घरात मराठी आणि बाजारात फर्डी तमिळ बोलणारा. मलेशियाहून परत आलेल्या एखाद्या म्हातारीची कासुमालै नातवाच्या फीसाठी कधी मोडली गेली असेल, तर ती आपल्याच एखाद्या गलाईवाल्याच्या मुशीतून गेली असण्याची शक्यता मला अजिबात कमी वाटत नाही.

*

मग करायचं काय?

एक, सरकारच्या पातळीवर. त्या ११ किलोंची चौकशी खूप झाली, आता ओळख व्हायला हवी. प्रत्येक तुकड्याचे नीट फोटो काढावेत. कुठली ताली, कुठलं तोडु, कुठला मणी हे मलेशिया-सिंगापूरमधल्या उरलेल्या पत्तरांना आणि तिथल्या म्हाताऱ्यांना विचारावं. हे दागिने घडवणाऱ्यांची नातवंडं अजून आहेत. सिंगापूरच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे मौखिक इतिहासाच्या मुलाखतींचा मोठा साठा आहे, त्याच्याशी जोडून बघावं. नावं सगळी मिळणार नाहीत. दहा मिळाली तरी दहा मिळाली. आणि त्या वस्तूंसमोर पाटी लावावी की हे सोनं रबराच्या मळ्यांवर रोज ४० सेंटने काम करणाऱ्या बायकांचंही आहे.

दोन, आपल्या घराच्या पातळीवर. हे मी स्वतः करायला घेतलंय म्हणून सांगतो. आपणही दर लग्नाला जुनं मोडतो आणि नवं करतो. आजीच्या पुतळ्या, पणजीच्या पाटल्या, 'डिझाइन जुनं झालं' म्हणून सोनाराच्या तराजूत जातात. मोडायला माझी हरकत नाही. सोनं त्यासाठीच असतं आणि अडचणीला आलं तर ते कारणी लागलं. पण मोडण्याआधी एक फोटो काढा. मागे एका कागदावर लिहा : कोणाचं होतं, तिचं पूर्ण नाव काय, कुठल्या पैशातून केलं, वजन किती, कधी आणि कशासाठी मोडलं. पाच मिनिटांचं काम आहे.

'आजी' एवढंच लिहू नका. तिचं नाव लिहा. माहेरचंही लिहा.

तुमच्या घरात अशी एखाद्या दागिन्याची गोष्ट असेल, दुष्काळात मोडलेल्या पाटल्यांची, संपात गहाण पडलेल्या मंगळसूत्राची, तर खाली लिहा. फक्त एक अट. गोष्ट सांगताना त्या बाईचं नाव आधी.